लाल दिव्याला हात लावायचा नाही

इंदापुरात लियाकतभाईंचं मोटर रिवायंडिंगचं दुकान. अल्फिया तिथंच लहानाची मोठी झाली, त्यामुळं अब्बांचा एक कायदा तिच्या अंगात मुरला होता. पॅनेलवर लाल दिवा म्हणजे मोटर चालू, हिरवा म्हणजे बंद. लाल पेटला की हात लावायचा नाही.

आज बारामतीत पुष्करच्या व्हिडिओ स्टुडिओत तिची परीक्षा होती. उजनी धरणाचं पाणी उतरल्यावर उघडं पडलेलं पळसदेवचं देऊळ त्यानं चित्रित केलं होतं. देवळासमोरून गेलेली शेतपंपाची वायर तिनं चित्रातून पुसायची. जमलं तर नोकरी, नाहीतर अब्बांना कबूल केल्याप्रमाणे पुण्याला खालाकडं, मावशीच्या घरी राहायला. आणि पुण्याला जायचं तिच्या अगदी जिवावर आलं होतं.

स्क्रीनवर कामाचे चौकोन रेघांनी जोडायचे असतात. एकात चित्रण येतं, दुसऱ्यात वायर पुसली जाते, तिसऱ्यात रंग सुधारतो. सकाळी तिनं सगळं नीट जोडलं. जेवून येते तर चित्र काळं आणि प्रत्येक चौकोनावर लाल ठिपका. झालं काम सुरू, असं म्हणून बाईसाहेब हात मांडीवर ठेवून बसल्या. दुपार टळली तरी बसलेल्याच!

पुष्कर बाहेरून आला आणि त्याचं डोकंच फिरलं. "अगं, हातावर हात धरून बसलीस काय?"

"चालू हाय की दादा. लाल दिसतंय न्हवं?"

"लाल म्हणजे चालू? लाल म्हणजे अडलंय!"

अल्फियाचा चेहरा पडला. आता बांधा बोचकं, चला पुण्याला. पण हात आपोआप माऊसवर गेला. मोटर बंद पडली की अब्बा वायर धरून मागं मागं जातात, तशी ती रेघ धरून मागं गेली. पहिल्याच चौकोनावर लिहिलं होतं, फाइल सापडत नाही.

"दादा, चित्रण कुठं ठेवलंय?"

"त्या पेनड्राइव्हमध्ये..." पुष्करनं खिसा चाचपला. दुपारी गिऱ्हाइकाला दाखवायला तो स्वतःच काढून घेऊन गेला होता. "च्यायला!"

त्यानं पेनड्राइव्ह लावला. लाल ठिपके एकेक करून विझले, तशी अल्फिया ओरडली. "बंद पडलं, दादा!" तेवढ्यात काळ्या पडद्यावर देऊळ वर आलं. ओलं शिखर, चिखलातल्या पायऱ्या, आणि वायरीचा मागमूस नाही.

पुष्करनं चित्र मोठं करून वायरीची जागा तपासली. "उद्यापासून ये," तो म्हणाला. "आणि लाल दिसलं की आधी माझा खिसा तपास."

तिनं लगेच घरी फोन लावला. "अब्बा, लाल विझलं!"

"म्हंजी बंद पडलं व्हय गं?" लियाकतभाईंचा आवाज खोल गेला.

"न्हाय अब्बा," ती म्हणाली, आणि तिला हसूही आलं, रडूही आलं. "चालू झालं."