डाव्या बाजूची पिशवी

"गाढवावर गोण्या लादतात तशा लादतोय," सासूबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या.

अंगणात लष्करी लिलावातली जुनी मोटारसायकल उभी होती. हे तिच्या दोन्ही अंगांना कॅनव्हासच्या पिशव्या आवळत होते. राज्यांची नवी वाटणी झाली, तशी कचेरीनं विचारलं, इथंच मध्य प्रदेशात राहता की मुंबई राज्यात जाता? ह्यांनी जळगाव लिहून दिलं. मी कधी जायचं, कसं जायचं, हा विषय घरात कोणी काढत नव्हतं. पिशव्यांवरून मात्र तीन दिवस तोंडं वाजत होती.

"उजवीकडे सायलेन्सर आहे. पिशवी जळेल," मी म्हणाले.

"मधे पत्रा ठोकलाय."

"एकच घ्यायची. बाकीच्याची वळकटी मागे आडवी."

"एकीकडं वजन पडलं की गाडी ओढते. तुला काय कळतंय त्यातलं?"

"बारा वर्षं तापीवरून दोन-दोन घागरी आणते. तोल मला नाही तर कोणाला कळणार?"

ह्यांनी पिशवीचं तोंड उघडलं. जोडे, कागदांचं बाड, तांब्या असं जड सामान तळाशी घातलं, वर धोतरं. मी माझी दोन लुगडी पुढं केली. त्यांनी ती घेतली, पायरीवर ठेवली आणि पट्टा ओढला.

"जागा नाही."

"धोतरं सहा कशाला? तिकडं वरात आहे का?"

"सुलभे, तोंड आवर!"

तेवढ्यात सासूबाई उठल्या. "बस गं गाडीवर. बघू तरी कसं दिसतं ते."

"आई, आता कशाला?" हे म्हणाले.

मी बसले. नेहमीसारखी, दोन्ही पाय डावीकडं सोडून. तुकईथडला माहेरी जाताना पाय लोंबू नयेत म्हणून ह्यांनीच हौसेनं लोहाराकडून एक पट्टी लावून घेतली होती. पायांनी ती चाचपली. सापडली नाही. टाचा थेट पिशवीवर आदळल्या.

"पाय काढ, शिवण उसवेल!"

कुठं ठेवू, असं विचारायला मी तोंड उघडलं आणि मला मोरीच्या कडेला ती पट्टी दिसली. दोन्ही बोल्ट काढून नीट कागदात बांधून ठेवले होते. वस्तू जपून ठेवायची त्यांची सवय मोठी चांगली.

सासूबाईंनी पट्टी उचलली आणि ह्यांच्या पायाशी टाकली.

"सुधाकर, तू हिला नेणार नाहीस. आज नाही, पुढंही नाही. तेवढं तोंडानं सांग तिला, मग बांध तुझ्या पिशव्या."