लार्किन रस्त्यावरची एकतीस दारं

"दार वाजवलंस की दोन पावलं मागे सर, एल्वा. घर त्यांचं आहे, ते त्यांना वाटू दे."

हे सांगणारा नवरा, आर्विड, जाऊन चार वर्षं झाली होती. पण दारावर बोटं टेकली की त्याचा आवाज अजून कानाशी यायचा आणि एल्वा लिंडग्रेनचे पाय आपोआप मागे सरायचे. आर्विडने तीस वर्षं शाळेची बस चालवली. एल्वाने सव्वीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात डाव धरला. नेब्रास्कातल्या त्या लहानशा गावात, तिच्या हातची राजमा-खिम्याची चिली आणि दालचिनीचे रोल न खाल्लेला माणूस शोधावा लागला असता.

शाळा मंडळाच्या निवडणुकीला उभं राहण्याचा विचार तिच्या स्वप्नातही नव्हता. पण लार्किन रस्त्यावर बस वळवणं पुढच्या वर्षीपासून बंद, पोरांनी हायवेपर्यंत चालत यावं, असा प्रस्ताव मंडळासमोर आला. डिसेंबरच्या बैठकीत त्यावर मतदान होणार होतं. हा आर्विडचाच रस्ता. खडीचा, दीड मैलांचा. एल्वा दुसऱ्या दिवशी अर्ज भरून आली.

तिचा एक नेम होता. सकाळी उठून तीन माणसांची नावं घ्यायची, त्यांच्यासाठी देवाचे आभार मानायचे आणि मगच कॉफीला तोंड लावायचं. प्रचार सुरू झाल्यापासून नावांना तोटा नव्हता. कुणी अंगणात तिच्या नावाची पाटी रोवू दिली, कुणी नुसतंच आत बोलावून शेगडीपाशी बसवलं.

मतदानाला बारा दिवस राहिले असताना पोस्टातून डेलचा फोन आला.

"मिसेस लिंडग्रेन, बसलाय ना तुम्ही?"

"का रे बाबा?"

"लार्किन रस्त्यावरच्या एकतीस टपालपेट्यांत तुमची पत्रकं सापडली. बिनतिकिटाची. पेटी लोकांची असली तरी आत फक्त टपाल जातं, कायदाच आहे तसा. मी सगळी काढून आणलीत. पुन्हा होऊ देऊ नका म्हणून सांगायला सांगितलंय वरून." मग तो म्हणाला, "तुमचे रोल खाऊन वाढलो हो मी. तुम्हाला दटावायची वेळ माझ्यावर यावी!"

हे काम ऑर्फाचं होतं. चर्चमधली तिची जुनी मैत्रीण. ऑर्फा रडकुंडीला आली.

"थंडी मी म्हणत होती गं. आणि त्यांची ती कुत्री! पेट्या रस्त्यालाच होत्या. म्हटलं, पेटीत टाकलं की झालं."

"रडू नकोस. आता तुरुंगात चिली रांधायला जाईन, एवढंच ना? तिथल्यांचं तरी भलं होईल."

ऑर्फा हसली; पण गावाला विषय मिळाला. दुसऱ्या दिवशी कॅफेत रॉस केम्पर, तिच्याविरुद्ध उभा असलेला विम्याचा एजंट, मुद्दाम मोठ्याने म्हणाला, "काय एल्वा, पोस्टात लागलीस म्हणे! पेन्शन देतात का?"

सगळे हसले. एल्वाही हसली, पण कानशिलं तापली होती. डेलने परत दिलेली पत्रकांची पिशवी घरी टेबलावर होती. ती पिशवी तिने तशीच ठेवली. कागद पुन्हा वाटायचे नाहीत. एकतीस घरं, एकतीस दारं. प्रत्येक दारी जाऊन माफी मागायची.

तेविसाव्या दारी मारिसेला भेटली. तिशीतली, मांसाच्या कारखान्यात रात्रपाळी करणारी. डोळे झोपेने जड.

"माफी? पण मला तर कागद मिळालाच नाही."

"मिळाला नाही, त्याचीच माफी."

मारिसेलाला हसू आलं. मग ती म्हणाली, "बाई, माझ्यावर वेळ घालवू नका. मला मत नाही. माझं नागरिकत्व व्हायचंय अजून."

तिच्यामागून सहा वर्षांची मुलगी डोकावली. एका पायात गुलाबी बूट, दुसऱ्यात नुसता मोजा.

"ही बसमध्ये कुठे चढते?" एल्वाने विचारलं.

"इथेच, फाटकापाशी. मी कामावरून यायला सात वाजतात. बस त्याआधीच येते. माझी आई खिडकीतून लक्ष ठेवते. तिचे गुडघे गेलेत, हायवेपर्यंत कुठली चालणार? अंधारात इत्सेलला सोडायचं कुणी?"

"मी उद्या येते. हिच्याबरोबर चालून बघते, किती वेळ लागतो ते."

मारिसेलाने मान हलवली. "उद्या नको. निवडणुकीआधी सगळेच चालतात. झाल्यावर या. हरलात तरी."

एल्वाला राग आला नाही. उलट, इतकं सरळ आपल्याशी कुणी बोललं म्हणून बरंच वाटलं.

"बुधवारी. सकाळी सहाला," ती म्हणाली. "हरले तरी."

मंगळवारी मतदान झालं आणि रात्री निकाल लागला. एल्वा नऊ मतांनी हरली.

रॉसचा फोन आला. आवाजात टिंगल नव्हती. "चांगली लढलीस, एल्वा. खरंच."

"अभिनंदन, रॉस. एक मागू? उद्या सकाळी सहाला लार्किन रस्त्यावर ये. एका पोरीबरोबर हायवेपर्यंत चालायचंय."

"सहाला? अगं, अंधार असतो तेव्हा!"

"तेच बघायला ये."

तो "बघतो," एवढंच म्हणाला.

डिसेंबरच्या बैठकीत गावातल्या कुणालाही उठून तीन मिनिटं बोलता येतं. एल्वाला ती तीन मिनिटं पुरली असती. पण आधी रस्ता पायाखालून जायला हवा होता.

बुधवारी पहाटे ती नेमाला बसली. पहिलं नाव ऑर्फाचं. तिने पेट्या उघडल्या नसत्या तर ती दारं उघडली नसती. दुसरं डेलचं. तिसरं मारिसेलाचं. तिथे थांबायचं होतं, पण थांबवेना. हातात अंडी ठेवणारा म्हातारा, कुत्र्याला आवरून धरणारी बाई, दाराआडूनच "देव भलं करो" म्हणणारा माणूस... एकतीस दारं होईपर्यंत कॉफी गार झाली. ती तिने तशीच प्यायली.

आर्विडची विजेरी घेतली, त्याचं घड्याळ मनगटावर बांधलं. दालचिनीचे दोन रोल कागदात गुंडाळले, एक इत्सेलला, एक तिच्या आजीला. दाराशी जाऊन थांबली, परत आली आणि तिसरा घेतला. रॉस येईल, न येईल.

मग शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून दार हलकेच ओढून घेऊन ती गाडीकडे निघाली.