नळीतली वहिनी

भूत उतरवणाऱ्या बाबांच्या दोन बोटांत धरलेली राखेची चिमूट अजून जागची हलली नव्हती, आणि तरीही काचेच्या नळीत पांढरा ढग उतरू लागला होता.

खोलीतल्या पन्नासेक माणसांपैकी हे आधी एकीच्याच लक्षात आलं. ती तिसऱ्या रांगेत थोरल्या भावाशेजारी बसली होती. रक्त-लघवी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं काढलेली. लोक चेहरे बघतात तिथे तिची नजर हातांवर जायची. आतापर्यंत तिने तिघांचे विधी पाहिले होते. घरून आणलेली लघवी नळीत ओतायची, चिमूटभर राख टाकायची, दिव्यावर धरायची की ढग येतो. मग ड्रॉपरने ‘मंतरलेलं पाणी’ सोडायचं, नळी फसफसते, ढग विरतो, आणि बाबा गरजतात, “ऐका, कसं किंचाळतंय! डॉक्टर हाडं बघतात, आम्ही हाडांत कोण बसलंय ते बघतो!”

राखेत धुण्याचा सोडा, पाण्यात व्हिनेगर. तिसऱ्या खेपेला तिने चक्क जांभई दिली होती.

दादाच्या नळीत मात्र ढग आपणहून आला. पातळ, झिरझिरीत, हळूहळू दाट होणारा. बाबा गडबडले. नळी ज्योतीवर तशीच राहिली, उकळी फुटली, आणि ढग जसा आला तसा निघून गेला. ड्रॉपर बाटलीतच होता. बाबांचं तोंड उघडं राहिलं.

“राख नाही, पाणी नाही! नुसत्या नजरेनं घालवली!” मागून कुणीतरी ओरडलं आणि खोली दणाणली.

दादाने तिचा हात घट्ट धरला. “पाहिलीस ना, धाकटे? तीच होती.”

तिच्या अंगावर काटा आला. वहिनीमुळे नव्हे.

दादा शिंपी. दुकान एवढंसं, त्यामुळे तो मशीनवर आणि वहिनी काज-बटणांना, अशी दोघं पाठीला पाठ लावून तीस वर्षं बसली. वहिनी गेल्याला अकरा महिने झाले होते. चौथ्या महिन्यात दादाची पाठ दुखू लागली, बरोबर जिथे तिची पाठ टेकायची तिथे. तीच येऊन बसलीय, असं तो धरून चालला. दोनदा छातीत कफ भरला, रक्त कमी झालं. डॉक्टरांनी कमरेच्या हाडात सुई घालून आतला मगज तपासायला सांगितला होता. दादा तीन महिने टाळत होता.

“जन्मभर सुई चालवलीस आणि सुईला भितोस?” ती चिडवायची.

“माझं काही नाही गं. तिला टोचेल.”

आणि आज त्यानेच तिला घालवून दिलं होतं, दुखणं सोसवेना म्हणून. घरी जाताना मात्र त्याने दोनदा थांबून मागे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने त्याला प्रयोगशाळेत नेलं. “सुई नाही. फक्त नळ्या दाखवते.”

पहिली नळी तिची स्वतःची. सोडा, दिवा, ढग. व्हिनेगर, फसफस, स्वच्छ.

दादा बघत राहिला. “म्हणजे तुझ्याही अंगात...?”

“माझ्या अंगात फक्त सकाळचा चहा आहे.”

तो हसला, मग एकदम गंभीर झाला. “मग माझंही खोटंच?”

“तुझं खोटं असतं तर मी रात्री झोपले असते.”

दुसरी नळी त्याची. आत काहीच घातलं नाही, फक्त उष्णतामापक. पन्नास अंशांच्या पुढे ढग आला. उकळीपाशी जवळजवळ दिसेनासा झाला. तिने नळी स्टँडमध्ये ठेवली. ती निवू लागली, आणि ढग परत आला.

दादाने खुर्ची मागे सरकवली. “आली.”

“ते प्रथिन आहे, दादा. गरम झालं की साकळतं, उकळलं की विरघळतं, निवलं की पुन्हा दिसतं. दहा वेळा करून दाखवते.” तिने आवाज शांत ठेवला. “हाडांच्या मगजात प्लाझ्मा पेशी असतात. त्या शिंपीच समज. एकेका जंतूच्या मापाची, त्याला रोखणारी प्रतिपिंडं शिवतात. प्रत्येकीचं माप वेगळं. त्यातली एक बिघडली. तिने स्वतःसारख्या लाखो केल्या आणि सगळ्या एकच कपडा शिवत सुटल्या. तोही अर्धा, नुसत्या बाह्या. त्या बाह्या लघवीतून बाहेर पडतात. हाडं पोखरली जातात, चांगल्या शिंप्यांना बसायला जागा उरत नाही, म्हणून तुला सारखा कफ होतो. असा माझा संशय आहे. खात्री मगज तपासल्यावरच. औषधं आहेत, पण दिवस घालवून चालणार नाही.”

“बाबाला हे माहीत होतं?”

“तो तुझ्याइतकाच घाबरला होता. ढग खरा होता, दादा. तो कशाचा, हे त्या खोलीत कुणीच विचारलं नाही. विचारायला हवं. जे डोळ्यांनी दिसलं त्याबद्दल तर आधी विचारायला हवं.”

दादाने नळीवर वाकून पाहिलं. तळाशी पांढरं काहीतरी बसत चाललं होतं. त्याचा हात मागे, पाठीकडे गेला आणि तिथेच थांबला.

“मग ती कुठे आहे?”

“वहिनी गेली, दादा.”

बाहेर कुणीतरी नंबर पुकारत होतं. दादाने हात पुढे आणला, मांडीवर ठेवला.

“डॉक्टर आज आहेत का बघ,” तो म्हणाला. “सुई टोचून घेतो मी.”