जर्सीवरची सातवी पट्टी

टीव्हीवर अमेरिकन फुटबॉलच्या संघांची नव्या खेळाडूंची वार्षिक निवड चालू होती. लाडक्या संघाची पहिल्या फेरीची निवड जाहीर झाली: पुन्हा एक झेल घेणारा. टोलेडोच्या लेरॉय शिमान्स्कीनं हातातला कोंबडीचा तुकडा ताटात आपटला.

"अरे, आपला चेंडू फेकणारा गेल्या मोसमात एकोणसाठ वेळा आडवा झाला. त्याला राखायला धिप्पाड गडी आणा की. हे पोरगं झेलणार काय, त्या फेकणाऱ्याचं उडालेलं हेल्मेट? अक्कल चरायला गेलीय का ह्यांची?"

दर वर्षी पहिल्या निवडीचं नाव तो चिकटपट्टीवर लिहून आपल्या जर्सीच्या पाठीवर चिकटवायचा. तिथं सहा नावं एकाखाली एक दबली होती. त्यांतलं कुणीच आता संघात नव्हतं.

तणतणतच त्यानं चिकटपट्टी शोधायला घेतली. बायकोनं, डॉटीनं, ती पुढ्यात ठेवली आणि सोबत पेन्सिल दिली.

"मार्कर कशाला वाया घालवतोस?"