जिच्या गळ्यात होकायंत्र

चैतूला नाचणीचं सत्त्व भरवत होते, तेव्हा सुयोग म्हणाला, "रुचिरासाठी नवीन होकायंत्र घ्यायचंय. तूच जा तिच्याबरोबर. तुझ्याइतकं आपल्यात कुणाला कळत नाही." चमचा चैतूच्या तोंडाऐवजी गालाला लागला. त्याला मजा वाटली. मला नाही.

सवतीच्या लग्नाचा शालू निवडायला पाठवावं, तसं हे होतं. तेही गोड बोलून.

गैरसमज नको. सुयोगवर माझा संशय नाही आणि रुचिरावर तर मुळीच नाही. संशय असता तर एकदा कडाडून भांडले असते आणि मोकळी झाले असते. माझं दुखणं वेगळं आहे. आमचा बोरिवलीचा ट्रेकचा ग्रुप दर जानेवारीला एक चाल करतो. फोन बंद करून सॅकच्या तळाशी, हातात फक्त नकाशा आणि होकायंत्र. पायवाट सोडायची आणि रानातून, पठारावरून पलीकडच्या गावात उतरायचं. ज्याच्या गळ्यात होकायंत्र, तो सगळ्यांत पुढे. त्याच्या पुढे कुणी जायचं नाही, पाणी भरायलासुद्धा नाही. आणि ते आपल्या हाताने गळ्यात घालायचं नसतं, आधीच्याने घालायचं. माझ्या गळ्यात ते गुणाजीकाकांनी घातलं, त्यांचे गुडघे गेले तेव्हा. मग काही वर्षं मी पुढे आणि सुयोग माझ्या मागे. आमचं लग्नसुद्धा तसंच ठरलं. मी नकाशावर वाकले होते, त्याने मागून विचारलं, आणि मी मान न वळवता हो म्हटलं.

मग चैतूची चाहूल लागली. होकायंत्र मी रुमालात गुंडाळून सुयोगच्या हाती पाठवून दिलं. ते रुचिराकडे गेलं.

रुचिरा मुलुंडची. बँकेत आहे, माझ्याहून बरीच लहान, पाय हरणाचे. तिला नकाशा वाचायला मीच शिकवलं. पहिल्या ट्रेकला तिने होकायंत्र फोनला टेकवून धरलं होतं आणि मी सगळ्यांदेखत तिच्यावर ओरडले होते: फोन, चाव्या, चाकू, सगळं लांब ठेवायचं, सुई बिचारी त्यांच्यामागे धावते. आता तीच पुढे असते. रविवारी सुयोग घरी येतो, बूट काढता काढता सांगतो, रुचिराने धुक्यात खिंड बरोबर शोधली, रुचिराने ओढा न ओलांडताच वाट काढली. मी चैतूला मांडीवर घेऊन त्याच्या मोज्यांतली कुसळं वेचते. कुसळांवरून मला कळतं ते कुठल्या उतारावरून आले. ते कुणी मला विचारत नाही.

तर मागच्या महिन्यात रुचिराने ते जुनं होकायंत्र सॅकच्या एकाच कप्प्यात पॉवर बँकेबरोबर ठेवलं. फोनला चुंबकाने चिकटणारी ती पॉवर बँक. सुईचं लाल टोक उलटं फिरलं, उत्तरेऐवजी दक्षिण दाखवायला लागलं. हे ऐकून मला इतका आनंद झाला की मी झोपलेल्या चैतूचा पापा घेतला आणि त्याला उठवून ठेवलं.

दुकान बोरिवली पश्चिमेला, एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. मी चैतूला पुढे कॅरिअरमध्ये बांधून रिक्षाने गेले. ते कॅरिअर माझ्या भावाने, मिथुनने, दुबईहून आणलंय. फार सोयीचं. छातीवरचं बकल एका हाताने लागतं, नुसतं जवळ नेलं की टक्क करून बसतं.

रुचिरा दारातच उभी होती. उन्हाने रापलेली, मनगटावर करवंदीच्या काट्याचा ओरखडा. त्या ओरखड्याचासुद्धा मला हेवा वाटला. "ताई, आलीस? मला वाटलं बाळामुळे नाही जमणार," ती म्हणाली. म्हटलं, जमतं गं. बाळ झालं म्हणजे काय आंधळी झाले का?

दुकानदाराने काउंटरवर होकायंत्रं मांडली. शेजारी शेजारी, एका ओळीत. त्या सगळ्या सुया एकमेकींना ओढून भलतीकडेच बघत होत्या. मी एकेक उचलून लांब ठेवायला लावली. एक महागडं होतं. त्याला स्क्रू फिरवून खऱ्या उत्तरेचा आणि सुईच्या उत्तरेचा फरक जुळवता येत होता. मी म्हटलं, आपल्याकडे तो फरक नावालासुद्धा नाही, हे परदेशात लागतं. ते बाजूला गेलं. मग पारदर्शक प्लास्टिकच्या पट्टीवर बसवलेली दोन, आणि एक पितळी, झाकणाचं, जाडजूड.

रुचिराने पितळी उचललं. झाकण उघडलं, मिटलं. "हे झकास आहे ना, ताई? गळ्यात कसलं दिसेल."

आता इथे मी बोलायला हवं होतं. पितळी होकायंत्र नकाशावर ठेवलं की खालचा नकाशाच झाकला जातो. त्यात तेल नव्हतं, त्यामुळे सुई थरथरत राहते, थांबायचं नाव घेत नाही. धुक्यात, अंधार पडायच्या आत, मागे माणसं थांबलेली असताना तसली सुई म्हणजे वाट लागली. हे सगळं माझ्या जिभेवर आलं. आणि मी म्हटलं, "तुला आवडलं तर बघ."

चुकू दे एकदा, असं वाटलं. एकदा तरी सुयोग घरी येऊन म्हणू दे, तू असतीस तर.

दुकानदार म्हणाला, आत लोखंडी रॅक आहेत, गच्चीवर जाऊन बघा. आम्ही तिन्ही घेऊन वर गेलो.

दोन टॉवरच्या मधून नॅशनल पार्कचा डोंगर दिसत होता. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतो तोच. चैतूला मी रोज दाखवते. तो पूर्वेला, जरासा दक्षिणेकडे कललेला, हे मला झोपेतही सांगता येईल. मी पट्टीवालं पहिलं होकायंत्र घेतलं, चैतूच्या पाठीच्या कडेने छातीशी धरलं, डोंगराकडे तोंड केलं. लाल टोक वळलं आणि माझ्याकडे, म्हणजे सरळ पश्चिमेला, समुद्राकडे येऊन थांबलं.

"हे गेलेलं आहे," मी म्हटलं.

दुसरं घेतलं. तेही माझ्याकडेच. पितळीसुद्धा थरथरत का होईना, तिकडेच. मी ऐटीत सांगितलं की एका पेटीत गठ्ठ्याने ठेवली की अशीच नासतात, या दुकानात काही अर्थ नाही. खरं सांगते, बऱ्याच दिवसांनी मला छान वाटत होतं. मी तपासत होते, नापास करत होते आणि रुचिरा गप्प उभी होती.

"बघू," ती म्हणाली आणि पट्टीवालं घेऊन कठड्यापर्यंत गेली. तिच्या हातात सुई एकदा डुलली आणि शांत झाली. बरोबर उत्तरेला, दहिसरच्या दिशेला. ती परत आली, माझ्या हातात दिलं. सुई गर्रकन माझ्याकडे.

"तू धरताना हलवतेस," मी म्हटलं.

चैतू कुरकुरायला लागला होता, त्याच्या डोळ्यांत ऊन येत होतं. रुचिराने हात पुढे केले. "दे त्याला माझ्याकडे. तू मोकळेपणी बघ."

माझा चैतू परक्याकडे जात नाही. जाणार नाही याची खात्री होती म्हणूनच दिला. पट्टे सैल केले, कॅरिअरसकट त्याला तिच्या अंगावर चढवला, बकल जवळ नेलं.

टक्क.

तो आवाज मी दिवसातून किती वेळा ऐकते. त्या वेळी मात्र तो कानाखाली वाजावा तसा ऐकू आला. नुसतं जवळ नेलं की बसतं. का बसतं? चुंबक आहे म्हणून. मी चुंबक छातीवर बांधून होकायंत्रं तपासत होते, एकामागून एक नापास करत होते. आणि मी कोण, तर जिने हिला फोन जवळ धरला म्हणून चारचौघांत झापलं होतं, ती.

मी रुचिराकडे बघितलं. ती चैतूच्या टोपीची नाडी नीट करत होती, नको तितकं लक्ष देऊन.

"तुला कळलं होतं?"

"पहिल्याच वेळेला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुला कोण सांगणार, ताई? तूच तर शिकवलंस." आणि मग, खाली बघत, "तशीही तू माझ्यावर चिडलेली आहेस. जुनं होकायंत्र मी अजून गळ्यात घातलेलं नाही. सुयोगने आणून दिलं, पण घालणार कोण? मी ते हातात धरून चालते. सुयोग सांगतो तू विसरली असशील. पण मला माहितीये, तू विसरत नाहीस."

मी विसरले नव्हते. मुद्दामच पाठवून दिलं होतं, रुमालात गुंडाळून. तिने ते ओळखलं होतं आणि वर्षभर, झाडाझुडपांतून, एक हात अडकवून चालली होती. मनगटावरचा तो ओरखडा कशामुळे, ते आता कळलं.

मी पट्टीवालं होकायंत्र उचललं, तिच्यापासून लांब, पाण्याच्या टाकीच्याही पलीकडे जाऊन उभी राहिले. हात रिकामे, छाती रिकामी. सुई डुलली आणि बसली. डोंगर जिथे असायला हवा तिथे होता. मी गोल फिरले, सुई जागची हलली नाही. सांगू कसं, इतक्या महिन्यांनी एक गोष्ट माझ्या अंगाला न चिकटता, न रडता आपापल्या जागी उभी होती. मी होकायंत्राची दोरी गळ्यात घातली. परत घेईन हे, असं ठरवूनसुद्धा टाकलं. जानेवारीत चैतूला आईकडे ठेवता येईल. दूध काढून ठेवता येईल. रुचिराचं काय, ती हातात धरायला सरावली आहे.

वळून बघितलं तर चैतू झोपला होता.

तिच्या छातीवर गाल टेकवून, तोंड जरासं उघडं टाकून, जसा फक्त माझ्याजवळ झोपतो तसा. रुचिरा डुलत होती, टाचांवर, हलकेच. त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होती. मला असा काही हेवा वाटला की ओरखडा, खिंड, धुकं सगळं त्यापुढे काहीच नाही. होकायंत्र गळ्यात होतं आणि सुई अगदी बरोबर होती, पण मला त्या सुईकडे बघवेना.

दोन्ही एकाच छातीवर राहत नाहीत, हे तर नुकतंच बघितलं होतं.

मी परत आले. "पितळी ठेवून दे," म्हटलं. "नुसतं दिसायला आहे. खालचा नकाशा झाकतं, सुई थांबत नाही. हे घे." आणि गळ्यातलं काढलं. "आधी चैतूला दे."

त्याला उठू न देता पट्टे इकडून तिकडे करायला दोघींचे चार हात लागले. टक्क. त्याने झोपेत उसासा टाकला आणि गाल माझ्यावर घासला. मग मी हात लांब करून, बकल मध्ये येणार नाही अशी तिरकी उभी राहून, दोरी रुचिराच्या डोक्यावरून गळ्यात घातली. तिचे डोळे भरून आले. माझे नाही. मन मोठं करून वगैरे मी काही दिलं नाही. मला माझं बाळ परत हवं होतं, एवढंच.

"दोरी लहान करू नकोस," मी म्हटलं. "माझ्या मापाची राहू दे."

"कधी घेणार परत?"

"हा चालायला लागला की. आणि सुयोगच्या डोळ्यांदेखत काही चुकलीस तर मला सांगायचं. मला आवडेल."

ती हसली. मी हसले नाही, मी खरंच सांगत होते.

जिन्याशी आलो तेव्हा ती बाजूला झाली, बाळ आहे, ताई, तू आधी उतर म्हणाली. मी थांबले. तिच्या गळ्यात होकायंत्र होतं. "तू हो पुढे," मी म्हटलं, "आणि जरा लांबून चाल, माझ्याजवळ आलीस की सुई बिघडते." ती उतरायला लागली. चैतूच्या डोक्यावर हनुवटी टेकवून मी तिच्या मागून उतरले.