टिटवीची खोटी टाचणी

त्या वर्षी समुद्राला वादळं होत होती ती पाठीला पाठ लावून. पहिली तीन गुरगुरत आली आणि ऐन वेळी तोंड फिरवून दूर पाण्यात विरून गेली. तिन्ही वेळा रेडिओच्या खोलीतल्या बाईने बोटी माघारी बोलावल्या आणि तिन्ही वेळा रिकामी जाळी घेऊन परतलेल्या कप्तानांनी तिचा मनसोक्त उद्धार केला. पाण्यावर तिला नाव नव्हतं. सगळे तिला ‘किनारा’ म्हणत. तिचा नवराही, ‘टिटवी’ या बोटीचा कप्तान, रेडिओवर तिला किनाराच म्हणायचा, आणि ती त्याला टिटवी.

चौथ्या वादळाची खबर आली तेव्हा तो चपला घालत होता.

“अहो, आज नका जाऊ.”

“तुमची वादळं माझ्या मेव्हण्यासारखी आहेत,” तो म्हणाला. “येतो येतो म्हणतात, आणि आपण चहा टाकून बसायचं.”

“माझ्या भावाला मध्ये आणू नका.”

“बरं, वादळाला आणतो,” म्हणून तो हसत गेला.

सकाळी बोटींनी आपापल्या जागा कळवल्या. किनाऱ्याने भिंतीवरच्या नकाशावर एकेक रंगीत टाचणी खोचली. हे काम ती मन लावून करी, पण मनातून तिला ठाऊक होतं की मासेमाराची टाचणी म्हणजे मासेमाराचीच. जाळ्याला मासा लागत असेल ती जागा कुणी उघड्या रेडिओवर सांगतं का? पूर्वेला असलेला पश्चिम सांगे, जवळचा लांब सांगे. यात कुणाला पाप वाटत नसे. पानात वाढलेलं झाकून ठेवावं, तसं ते होतं.

“किनारा, टिटवी,” नवऱ्याचा आवाज आला होता. “उत्तरेला आहोत, उथळ पट्टीच्या पलीकडे. पाणी गढूळ, मासा नावाला नाही. तुम्ही वेळेवर जेवा हं.”

तिने हिरवी टाचणी उत्तरेला खोचली.

दुपारी वादळ वळलं. या वेळी मात्र किनाऱ्याकडेच. खिडकीपाशी बसणारे हवामानवाले काका चष्मा कपाळावर सरकवून एवढंच म्हणाले, “पोरी, हे राहायला येतंय.” तिने बोटींना हाका घातल्या. एकेक करून बोटी बंदरात शिरल्या, दोरखंडांनी धक्क्याला बांधल्या गेल्या. ज्यांच्या घरांचे पत्रे थरथरत होते ती माणसं या पक्क्या इमारतीत आली. तिची सासूही आली, खांद्याला शाल आणि हातात सुनेचा घरीच राहिलेला डबा घेऊन.

टिटवी तेवढी आली नव्हती.

मग खरखर झाली. “किनारा, किनारा! इंजिन बंद पडलंय. आत पाणी येतंय, आम्ही...” आणि आवाज मध्येच तुटला. काडकन फांदी मोडावी तसा.

सासूने डबा खाली ठेवला.

बंदरात मोठ्या जहाजांना ओढणारी एकच टगबोट होती. तिच्या कप्तानाला सगळे मामा म्हणत. मामा रेडिओवर आले, “सूनबाई, एक फेरी होईल. दुसरीला समुद्र परवानगी देणार नाही. कुठे जाऊ?”

“उत्तरेला. उथळ पट्टीच्या पलीकडे.”

“मीही तरुणपणी जाळी ओढलीत. टाचणी खरी का गं?”

तिने हिरव्या टाचणीकडे पाहिलं.

“मी निघतो. पट्टीला वळायच्या आत सांग.”

खिडकीची काच आत-बाहेर श्वास घेत होती. तिच्या डोक्यात सकाळचा आवाज फिरत होता. मासा नावाला नाही. मासा नसला की हा माणूस खेकसायचा. जगाला शिव्या द्यायचा, त्यात तीही आली. वेळेवर जेवा म्हणणारा गोड आवाज जाळी भरलेल्या दिवसाचा होता.

“आई,” ती सासूकडे वळली, “मामंजींची एक जागा होती ना? त्यांनी फक्त ह्यांना दाखवलेली?”

“होती बाई. मला नाही कधी सांगितली. झोपेत बरळेन म्हणून तोंडावर पांघरूण घेऊन निजायचे.” म्हातारी हसली. ती भिंतीला टेकली, आणि अगदी खालच्या आवाजात, जुन्या चालीवर तिच्या तोंडून ओळ आली,

“वाऱ्या रे दादा, जरा बैस ओट्यावरी,
लेक माझा पाण्यावर, त्याला येऊ दे घरी.”

किनाऱ्याने माइक ओढला. “टिटवी, टिटवी. ऐकू येतंय का?”

खरखर. आणि त्या खरखरीत, टक.

ती ताठ झाली. तिने पुन्हा विचारलं. पुन्हा टक. माइकचं बटण! आवाज मेला होता, पण बटण दाबलं जात होतं. बोट जिवंत होती.

“टिटवी, हो असेल तर एकदा दाबा. नाही असेल तर दोनदा. तुम्ही उत्तरेला आहात का?”

काही नाही.

“उत्तरेला आहात का?”

नुसता वारा. लाटेने बटण गिळलं, की त्यानेच हात आवरला? बंदरातली प्रत्येक बोट हे ऐकत होती. इतकी वर्षं गुपचूप राखलेली बापाची जागा आता एका टकटकीवर उघडी पडणार होती.

मामांचा आवाज आला, “सूनबाई, पट्टी दिसायला लागली.”

तिचं भान सुटलं. सासूसमोर, काकांसमोर, साऱ्या बंदरासमोर ती ओरडली, “अरे, बोल ना! जागा घेऊन काय करू मी? तू ये!”

मग रेडिओवर एक दणदणीत आवाज फुटला. सगळे ज्याला ‘भोंगा’ म्हणत, त्याचा. टिटवीच्या मागावर वर्षानुवर्षे बोट घालणारा, आणि दर वेळी भलत्याच पाण्यात जाऊन पोचणारा हा कप्तान.

“ए टिटवी, तुझी ती जागा घाल तुझ्या खिशात! किनारा, मी चॅनेल बदलतोय. आणि बंदरातल्या सगळ्या बोक्यांनो, तुम्हीही बदला. कुणाचा कान इथे दिसला तर उपटून हातात देईन.”

“बदललं,” एकजण म्हणाला. “बदललं, वहिनी.” “आम्हीही.” एकेक आवाज विझत गेला. घरातले दिवे मालवून सगळ्यांनी बाहेर ओसरीवर जाऊन बसावं, तसं चॅनेल रिकामं झालं.

“आता आपणच आहोत,” ती हळू म्हणाली. “आणि मामा. मामा तर घरचेच. उत्तरेला आहेस?”

टक. टक.

“दक्षिणेला?”

टक.

“बुडीत खडकाच्या अलीकडे?”

टक, टक.

“पलीकडे.”

टक.

तिने हिरवी टाचणी उपटली. “मामा, वळा! दक्षिणेला, बुडीत खडकाच्या पलीकडे!”

“वळलो,” मामा म्हणाले. “लबाड कुठला. बापाचा लेक शोभतो.”

मग फक्त वाट पाहणं उरलं. आकाश चुलीतल्या राखेच्या रंगाचं झालं. कुठेतरी पत्रा उडाला आणि रस्ताभर खणखणत गेला. ती माइकशी बोलत राहिली, काय बोलली तिलाच आठवत नव्हतं. भाजी काय केली, दाराची कडी कशी अडकते, असलंच काहीतरी. दर वाक्यानंतर टक येई. मग टक उशिराने येऊ लागलं. मग येईनासं झालं.

सासूने तिचा हात धरला. दोघींचे हात सारखेच गार होते.

बऱ्याच वेळाने खरखर झाली. “सूनबाई,” मामांचा आवाज दमलेला होता, “टिटवीवरच्या चौघांनाही वर घेतलं. बोट गेली म्हणायची होती, पण दोर लागलाय, बघू. तुझा टिटवी विचारतोय, जेवलीस का?”

तिने डबा उघडला.

वादळ आलं, राहिलं, अर्ध्या गावाची छपरं घेऊन गेलं. पाचव्या वादळाची अजून चाहूल नव्हती, अशा एका स्वच्छ सकाळी डागडुजी झालेली टिटवी पुन्हा पाण्यावर गेली. किनारा टाचण्या घेऊन नकाशापाशी उभी होती.

“किनारा, टिटवी,” तो म्हणाला. जरासा थांबला. “दक्षिणेला आहोत. बुडीत खडकाच्या पलीकडे.”

तिचा हात टाचणीवरच राहिला. खरं बोलत होता तो, सगळ्यांच्या कानावर.

मग भोंग्याचं हसू गडगडलं.

“ऐकलंत का रे? दक्षिणेला म्हणे! चला, उत्तरेला चला सगळे. लबाड तिथेच असणार!”

आणि बंदरातल्या झाडून साऱ्या बोटी, हसत, शीळ घालत, उत्तरेकडे वळल्या. किनाऱ्याने हिरवी टाचणी दक्षिणेला खोचली, आणि डोळे पुसून डबा उघडला.