किनारीची उलट बाजू

शाळेला पंच्याहत्तर वर्षं झाली म्हणून स्मरणिका काढायचं ठरलं आणि 'आमचे माजी विद्यार्थी' हे सदर माझ्या गळ्यात पडलं. पहिलंच नाव भैयाजीचं. आमच्या वर्गातून अधीक्षक अभियंता होऊन निवृत्त झालेला हा एकटाच, आणि हे तो कुणाला विसरू देत नाही.

आमच्या गावाहून, खाप्याहून, त्याच्याकडे शहरात निघताना त्याची थोरली बहीण रंभाबाई बसस्टँडवर भेटली. भैयाजीला शाळेत जाता यावं म्हणून सातवीतच शाळा सोडून ती हातमागावर बसली होती, ती पुढची चाळीस वर्षं.

"मार्तंड, तो सांगन तेच लिहिजो," ती म्हणाली. "फक्त माहं नाव घेते का, तेवढं पाहून घे गा."

धंतोलीतल्या फ्लॅटमध्ये साहेबांनी मला वीस मिनिटं ताटकळत ठेवलं. मग आले ते सिल्कचा कुर्ता घालून, माझ्यासारख्या फाटक्या मास्तरासाठी. पत्नी पुष्पलताबाई शेजारी बसल्या आणि नवऱ्याचं प्रत्येक वाक्य पुरं करू लागल्या. मुलगा पियूष मोबाइलमधून मान वर काढेना. सून रीना तेवढी माणसात होती, तिने पाणी विचारलं.

"लिही," भैयाजी म्हणाला. दोन पूल, एक धरण, तीन परदेश दौरे. आठवीपर्यंत माझ्या बाहीला शेंबूड पुसणारा हा माणूस मला 'व्हिजन' समजावून सांगत होता.

"घरचं सांग ना," मी म्हणालो. "बहीणभावंडं?"

"वडिलांचा कापडाचा व्यवसाय होता. मी एकटाच."

बापाचा एक माग, त्याला म्हणे व्यवसाय! आणि बहीण तर जन्मलीच नाही. माझं पेन कागदावर तसंच टेकून राहिलं.

समोर भिंतीवर काचेच्या चौकटीत लुगड्याचा हातभर तुकडा होता, लाल किनारीचा. मी तो ओळखला. भैयाजीच्या लग्नात रंभाबाईने नव्या भावजयीसाठी विणलेलं ते लुगडं मीच खाप्याहून आणलं होतं.

"छान आहे ना, काका?" रीना म्हणाली. "बाबांनी दिल्लीच्या प्रदर्शनातून आणलंय."

लग्नात तेच लुगडं नेसलेल्या पुष्पलताबाई खिडकीबाहेर बघू लागल्या. मला राहवलं नाही. "उलटं लावलं गा. मागचे दोरे दिसून राहिले."

"उलटं नाही. मागावर बसलं की हेच दिसते," भैयाजी बोलून गेला.

"तुम्हाला कसं माहीत, बाबा?"

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "कुठंतरी वाचलं होतं," तो म्हणाला आणि चहासाठी आत हाक मारली. असला भेकड माणूस, आणि लोक त्याच्या पुलांवरून जातात. चहा न घेताच मी उठलो.

संध्याकाळी रंभाबाई ओट्यावर वाट पाहत बसली होती.

"घेतलं का नाव?"

खोटं बोलायचं ठरवून आलो होतो, जमलं नाही. "नाही. मी एकटाच म्हणे. तुह्या लुगड्याचा तुकडा भिंतीवर टांगला त्यानं, अन् तोही उलटा."

"उलटा? दोरे दिसते तसा?"

"हो."

तिने पदराने तोंड पुसलं. "मंग बराबर आहे. लहानपणी माह्या बाजूले बसे तो, मागाच्या खड्ड्यात पाय सोडून. त्याले तेवढीच बाजू दिसे."

आणि ती खुशीत आत गेली. एवढ्याशा गोष्टीवर तिचं भागलं, याची मला भैयाजीपेक्षाही जास्त चीड आली. तो सांगेल तेच लिही, असं तीच म्हणाली होती. तरीही मी कागद पुढे ओढला आणि पहिली ओळ लिहिली: 'भैयाजी हे खाप्याच्या विणकर रंभाबाई यांचे धाकटे भाऊ.'